चीनहून आफ्रिकेला गेलेला बाण

पीएच.डी. करणाऱ्या माणसाला लोक एकच प्रश्न विचारतात, कधी संपणार? मला दोन विचारायचे. दुसरा होता, "पण हाच विषय कामून?" पहिल्या प्रश्नाला मी हसून "होईल की" म्हणायची. दुसऱ्या प्रश्नाला माझं डोकं फिरायचं.

विषय होता चीन आणि आफ्रिका यांच्या संबंधांचा इतिहास. त्यातही टांझानियाच्या बंदरापासून झांबियापर्यंत चीनने जी रेल्वे बांधून दिली, तिच्यावर खपलेली दोन्हीकडची माणसं. त्यांचं एकमेकांशी कसं जमलं, कुठल्या भाषेत बोलले, कशावरून भांडले, हे मला शोधायचं होतं. आणि मी कोण, तर कर्नाटकात, बिदरकडच्या बसवकल्याण तालुक्यातल्या कोहिनूरची, बौद्ध वस्तीतली. अप्पा ग्रामपंचायतीचे वॉटरमन, म्हणजे रोज गल्लोगल्ली फिरून नळाचं पाणी सोडायचं आणि बंद करायचं. माय लोकांच्या तुरीत खुरपायला जायची. अशा घरातल्या मुलीने गुलबर्ग्याच्या विद्यापीठात बसून आफ्रिकेतल्या रेल्वेवर लिहावं हे कुणाच्या पचनी पडत नव्हतं.

मला हा विषय तुरीने दिला. एम.ए.ला असताना मी एका दालमिलच्या मागे खोली घेऊन राहायची. अंगभर फोलाची धूळ, कानात दिवसभर मिलची घरघर. एक दिवस मिलसमोर ट्रक रिकामा होत होता आणि पोत्यांवर इंग्रजीत कुठल्याशा बंदराचं नाव छापलेलं होतं. मुनीमजींना विचारलं तर म्हणाले, "आफ्रिकेची तूर हाय, ताई." तुरीसाठीच नाव असलेल्या गुलबर्ग्यात बाहेरची तूर! म्हणजे आमच्याकडे कुणी बाहेरून ऊन आणून विकावं तसं. मी चिडून ग्रंथालयात गेले आणि ते बंदर शोधलं. बंदराच्या मागोमाग तिथून निघणारी रेल्वे सापडली आणि जुन्या मासिकांच्या बांधणीत एक फोटो सापडला. एक चिनी माणूस, एक आफ्रिकी माणूस, दोघांच्या खांद्यावर मिळून एकच बांबू, आणि मधे लटकलेली दगडांची टोपली. खाली छापलं होतं, 'मैत्री'.

मैत्री म्हणे! एका बांबूखाली दोन माणसं चालतात तेव्हा पुढच्याला मागच्याशी बोलावंच लागतं. थांब, खड्डा आहे, टेकव आता. हे ते कुठल्या भाषेत बोलले? घरात मराठी, बसच्या कंडक्टरशी कन्नड आणि बाजारात दखनी अशा गावात मी वाढले. ज्याची भाषा आपली नाही त्याच्याबरोबर ओझं उचलताना काय काय होतं हे मला ठाऊक होतं. तिकडे काय झालं ते समजून घ्यायचं होतं. याहून भारदस्त कारण माझ्याकडे तेव्हा नव्हतं आणि आजही नाही.

माझे मार्गदर्शक सर चांगले होते. आम्ही कन्नडमध्ये बोलायचो, इथे मी ते मराठीत लिहितेय. ते मला रागावून कधी बोलले नाहीत, उलट समजावून सांगून त्यांनी मला जास्त छळलं. "नोडम्मा," ते सुरुवात करायचे, म्हणजे बघ बाई, "तुझ्या समाजावर लिही. साहित्य हाताशी आहे, माणसं ओळखीची आहेत. आफ्रिकाच हवी असेल तर बिदरला हबशींच्या कबरी आहेत. आफ्रिकाही होईल आणि संध्याकाळी घरीही पोचशील." मी म्हणायची, "सर, मला घरी पोचायचं नाहीये." ते हसायचे आणि चहा मागवायचे.

संशोधन समितीत मात्र कुणी हसलं नाही. टेबलाभोवती चौघे बसले होते. समितीचे अध्यक्ष माझा अहवाल चाळून म्हणाले, "तुमच्या समाजावर लिहायला तुमच्याच लोकांनी पुढं यायला हवं." ते हे अगदी मनापासून म्हणाले, म्हणूनच मला जास्त लागलं. पलीकडच्या खुर्चीत बसलेल्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याचा विषय युरोपातली राजघराणी हा होता आणि त्याला कुणी त्याच्या समाजाबद्दल विचारलं नव्हतं. मला म्हणाले, पुढच्या बैठकीपर्यंत एकतर साहित्य दाखवा नाहीतर शीर्षक बदला. त्यांनी शीर्षकही सुचवलं, भारत, चीन आणि बौद्ध धर्म. "घरच्यांना तरी कळेल असं काहीतरी घ्या हो. त्यांनी एवढं शिकवलंय." शीर्षक बदललं नाही तर नोंदणीचं काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती.

मी कामाला लागले. दिल्लीला जाऊन जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधण्या उपसल्या. गुलबर्ग्यातच टांझानियाचा एक मुलगा फार्मसी शिकत होता. रस्त्यात पोरं त्याच्यामागे काहीबाही ओरडायची आणि तो त्यांना सरळ कन्नडमध्ये उत्तर द्यायचा, त्यामुळे माझी त्याच्याशी लगेच गट्टी जमली. त्याचे काका त्या रेल्वेवर मजूर होते. आम्ही मोबाइल स्पीकरवर ठेवायचो. काका स्वाहिलीत बोलायचे, मुलगा इंग्रजीत सांगायचा, मी मराठीत टिपून घ्यायची. समितीला ही पद्धत भलतीच विचित्र वाटली असती. पण आमच्याकडे तलाठ्याच्या ओसरीवर, दवाखान्यात, सोयरीक जुळवताना बोलणी अशीच होतात. काकांनी मला सांगितलं की त्यांचा चिनी मुकादम तोंडाने शिकवायचा नाही, स्वतः करून दाखवायचा, आणि त्याला स्वाहिलीतले दोनच शब्द नीट यायचे, 'पोले पोले', हळूहळू. मला माझ्या बांबूचं उत्तर मिळालं होतं. त्या दिवशी मी खोलीवर नाचले.

त्यानंतर आली एप्रिलातली जयंती. समितीची बैठक तिच्या पुढच्या सोमवारी होती. अप्पांचा फोन आला, "बाई, यायलीस ना? औंदा तुझं भाषण ठेवलंय." घरची हौस म्हणून मी गेले.

विहाराच्या भिंतीवर मोठा नकाशा रंगवलेला होता. गयेहून निघालेले निळे बाण, एक लंकेला, एक तिबेटला, एक चीनला, तिथून पुढे जपानला. धम्म कुठे कुठे गेला ते दाखवणारा. लहानपणी मी त्याच नकाशावर देश शिकले. त्या दिवशी पायरी चढून आत गेले आणि थबकलेच. नकाशा डावीकडे वाढवला होता. समुद्र रंगवला होता, त्यापलीकडे आंब्याच्या कोयीसारखी आफ्रिका काढली होती आणि चीनपासून निघालेला एक कोरा करकरीत निळा बाण भारताच्या डोक्यावरून वळसा घालून तिथे टेकला होता.

"हे काय?" मी विचारलं.

विहार समितीचे अध्यक्ष, ज्यांना मी काका म्हणते, ते निवृत्त मास्तर. छाती फुगवून म्हणाले, "तुझंच हाय की! बसवकल्याणहून पेंटर आणला. धम्म चीनहून आफ्रिकेला गेला हे जगात पयल्यांदा आपल्या पोरीनं शोधलं. बाण नको काढाया?"

मी घरी धावत गेले. माय भाकरी थापत होती. ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मला इचारू नको. तुझ्या बापाला इचार. नळ सोडल तिथं सांगत हिंडलाय." हळूहळू सगळं कळलं. फोनवर मी अप्पांना विषय सांगितला होता तेव्हा त्यांनी 'चीन' हा शब्द पकडला. चीन म्हणजे धम्माचा देश, म्हणजे आपलाच. तिथून काही आफ्रिकेला गेलं असेल आणि त्यावर आपली लेक लिहीत असेल तर ते दुसरं काय असणार? आमच्या वस्तीत त्यांना कुणी हटकलंही नाही, कारण सगळ्यांच्याच डोक्यात तोच नकाशा होता. अप्पा पाणी सोडायला जातील तिथे ही बातमीही सोडत गेले.

अप्पा अंगणात पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत होते. मी म्हटलं, "अप्पा, माझ्या विषयात धम्म न्हाई."

"आसंल की गं. तू नीट शोधली नसशील."

"न्हाई अप्पा. रेल्वे हाय. रूळ, पूल, बोगदे. पाठवणारं सरकार देवधर्म मानत नव्हतं."

"आपण तरी कुठं देव मानताव?" ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

मला हसू येत होतं आणि रडूही. मी पुन्हा सगळं सांगितलं, कर्ज, इंजिनिअर, मजूर, तांब्याच्या खाणी. इस्त्रीचा कोळसा विझत आला तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटी म्हणाले, "आज राहू दे, बाई. मोप लोक यायलेत. भंतेजी यायलेत. सगळ्यायला सांगून बसलोय मी. उद्या परवा सावकाश सांगू."

त्यांनी माझ्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. पुस्तकं घेताना, खोली करताना, लग्नाची स्थळं परतवताना त्यांनी मला एकदाही 'राहू दे' म्हटलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर वाट किती सोपी होती! नुसती मान हलवायची. इकडे अप्पांची मान ताठ, तिकडे सोमवारी समितीचं शीर्षक लावून टाकायचं. दोन्हीकडचे खूश. सगळ्यांनी मिळून माझ्यासाठी एक विषय तयारच ठेवला होता, सरांनी, समितीने, अप्पांनी, पेंटरने. कुणी दयेने, कुणी प्रेमाने. त्यात माझा विषय तेवढा कुठे नव्हता.

मी मायला विचारलं, काय करू. ती म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं? पण खोटं बोलायलीस की तुझं थोबाडच सांगतंय. लहानपणापासून."

संध्याकाळी विहारासमोर मांडव. वंदना झाली, पंचशील झालं, खिरीचं पातेलं एका बाजूला झाकून ठेवलेलं. स्टेजवर भंतेजी, काका, सरपंच आणि गळ्यात हार घातलेले माझे अप्पा. काकांनी माझी ओळख करून दिली आणि बाणाकडे हात केला. टाळ्या थांबेनात. माइक हातात घेतल्यावर मात्र मला एकदम राग आला. अप्पांचा नाही, काकांचाही नाही. ज्या जगात माझ्यासाठी एकच बाण ठेवलाय त्या जगाचा.

मी म्हटलं, "काका, हा बाण चुकीचा हाय. मी अप्पांना सांगितलेलं त्यांना वेगळं समजलं. त्यांची चूक न्हाई, चीन म्हटल्यावर मलाबी आधी हीच भिंत आठवती. पण मी लिहायलेय ते रेल्वेवर. चिनी लोक आफ्रिकेत धम्म घेऊन गेले नव्हते. खोरी, टिकाव आन् रूळ घेऊन गेले होते."

काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. अप्पांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. पहिल्या रांगेतली एक आत्या, जिच्या अंगाखांद्यावर मी वाढले, मोठ्याने म्हणाली, "मग आपलं काय हाय गं त्यात?"

समितीने हेच विचारलं होतं. सरांनी दोन वर्षं हेच विचारलं होतं. तिथे मी नेहमी काहीतरी भारी उत्तर जुळवायची. आत्यासमोर ते जमलं नाही.

"आपलं काही न्हाई, आत्या. म्हणूनच पायजे मला. दुसरे लोक आपल्यावर लिहितेत, आन् साऱ्या जगावरबी लिहितेत. आपण तेवढं आपल्यावरच लिहायचं, हे कुणी ठरवलं? माझ्या डोक्यात आफ्रिका आली तर मी त्याची परवानगी कामून काढू?"

मागच्या पोरांनी दोन-चार टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात अप्पा खुर्चीवरून उठले. हार काढून खुर्चीवर ठेवला आणि स्टेजच्या पायऱ्या उतरायला लागले. आता ते घरी जाणार, मला वाटलं. गावासमोर बापाची मान खाली घातली मी, तीही जयंतीच्या दिवशी.

ते घरी गेले नाहीत. खाली ताडपत्रीवर, आत्याच्या शेजारी मांडी घालून बसले. आणि शाळेतल्यासारखा हात वर केला.

"बाई, एक इचारू?"

मी मान हलवली.

"ते चिनी लोक आन् तिथले मजूर, एका पंगतीत जेवायचे का?"

सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला. हा प्रश्न आमच्या वस्तीत कुणाला समजावून सांगावा लागत नाही. अप्पांनी उभ्या आयुष्यात गावात कुठे कुठे पाणी सोडलं आणि कुठे कुठे त्यांना ते प्यायला मिळालं नाही, हे त्या ताडपत्रीवर बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. अप्पांच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसत होतं, त्यांना 'व्हय' ऐकायचं होतं. धम्म नसेना का, पण चीनच्या माणसांनी निदान एवढं तरी केलं असेल. आणि माझ्याकडे उत्तर होतं. टांझानियाच्या काकांना मीही पहिल्यांदा तेच विचारलं होतं.

"न्हाई अप्पा," मी म्हटलं. "काम एकत्र करायचे. मुकादम सोताबी राबायचा, दगड उचलायचा. पण राहायची जागा अलग, चूलबी अलग. मला ज्यांनी सांगितलं, ते कधी त्यांच्याबरोबर जेवले न्हाईत. का ते मला अजून पुरतं कळालं न्हाई. चव अलग असंल, वरून हुकूम असंल. तेच शोधायलेय."

अप्पांनी ताडपत्रीवरचा खडा बोटाने बाजूला केला. मग म्हणाले, "मग तसंच लिही. चीनचे हायेत म्हणून झाकू नको." आणि थोडं थांबून, "बोल पुढं. बोगदे कसे पाडले ते सांग."

मी बोगद्यांवर बोलले. पुलांवर बोलले. पोले पोले सांगितलं तेव्हा मांडव हसला. खीर थंड झाली आणि त्याबद्दल मायने नंतर मला ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी पेंटरची वाट पाहिली नाही. चुन्याचा डबा आणि कुंचा घेऊन स्वतःच बाणावर दोन हात मारले. निळा रंग चुन्यातून डोकावत राहिला, तेव्हा तिसरा हात मारला. काका नाराज होते. म्हणाले, आफ्रिका तरी राहू दे, पोरांना भूगोल होईल. आफ्रिका राहिली. अप्पा मग पाणी सोडायला निघाले आणि मला अंगणातून त्यांचा आवाज ऐकू येत होता, पहिल्याच नळावर कुणाला तरी सांगत होते, "रेल्वेवर लिहायली आमची बाई. चिनी लोकांच्या. न्हाई न्हाई, चूल अलग होती त्यांची."

त्यानंतर घर शांत झालं असं म्हणणार नाही. लोक अप्पांना चिडवायचे. ते कधी हसण्यावारी न्यायचे, कधी दिवसभर घुम्यासारखे बसायचे. एकदा जेवताना मला म्हणाले, "धम्म आसता तर बरं झालं आसतं पण." मी म्हटलं, "व्हय, अप्पा." त्यांना वाईट वाटलं होतं आणि मलाही. तरी विषय बदलावा असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही.

जयंतीनंतरच्या त्या सोमवारी गुलबर्ग्याला समितीसमोर बसले. दिल्लीहून आणलेल्या झेरॉक्स, टांझानियाच्या काकांच्या मुलाखतींच्या नकला, नवा आराखडा, सगळं टेबलावर मांडलं. चौथ्या प्रकरणाचं नाव आता 'वेगळ्या चुली' होतं. सर एकेक पान चाळत होते आणि पहिल्यांदाच ते 'नोडम्मा' म्हणाले नाहीत. अध्यक्षांनी शीर्षकाचं पान उलटंपालटं करून पाहिलं, जणू पाठीमागे दुसरं शीर्षक सापडेल.

"साहित्य बरंय," ते म्हणाले. "पण विषय तोच ठेवलात तुम्ही. मी म्हटलं होतं, निदान तुमच्या घरच्यांना कळेल असं काहीतरी. त्यांना काय सांगणार आहात?"

मी माझा पेन उघडून त्यांच्यासमोर ठेवला.

"घरी मंजूर झालाय, सर. तुमचीच सही राहिलीय."